कुरणाचे कुंपण आणि बारावे हरीण

मित्रांनो, मी एक जुने कुंपण आहे. बारा एकरांच्या एका कुरणाभोवती मी गेली बावीस वर्षे उभे आहे. उंची दीड माणूस, खांब दोनशे सहा आणि स्वभाव जरा तापट. तापट अशासाठी, की येणारा-जाणारा मला 'जाळी' म्हणतो. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला असते. मी कुंपण आहे आणि तेही साधेसुधे नव्हे, रानातली हरणे गवतात शिरू नयेत म्हणून मुद्दाम उभारलेले. माझ्या एका बाजूला गवत आहे, दुसऱ्या बाजूला झाडी आहे. मला दोन्हीकडचे दिसते आणि याचा मला फार अभिमान होता. दोन्हीकडचे दिसत असूनही मी एकदा केवढी मोठी चूक केली, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म व्हायच्या आधी इथे नुसते कुरण होते. ते दोघा भावंडांचे. थोरली बहीण गोठा सांभाळायची. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. धाकटा भाऊ ट्रॅक्टर आणि गवताचे काम बघायचा. त्याचे खरे नाव घरच्यांनीही सोडून दिले होते, कारण चहा कपात पडेपर्यंत हा निम्म्या वाटेला लागलेला असायचा. त्याला सगळे तुफान म्हणायचे.

गोठ्यात चौदा गाई होत्या. उन्हाळ्याच्या तोंडावर कुरण कापायचे, गवत उन्हात वाळवायचे, रचून ठेवायचे आणि थंडीभर गाईंना तेच घालायचे, असा त्यांचा वर्षाचा नेम. पण दोन-तीन वर्षे गवत वरच येईना. तुफानने सगळ्यांना दोष देऊन पाहिला. बी खराब आहे म्हणाला. मग खत खराब आहे म्हणाला. शेवटी तर गवतच आळशी झालेय असेही म्हणाला. चारा पुरेना, म्हणून एका थंडीत दोन गाई विकाव्या लागल्या. त्यांतली एक ताईने लहानपणी बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती. ती गाडीत चढताना मागे वळून हंबरली. ताई गोठ्यात गेली आणि घासलेलीच घमेली पुन्हा घासत बसली. राहिलेल्या बारा गाईंपैकी आता एकही द्यायची नाही, असे तिने त्या दिवशी मनाशी ठरवले.

मग गवताचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी कुरणाच्या मध्यावर तारेचा एक पिंजरा उपडा घातला, एक पाऊल लांब आणि एक पाऊल रुंद, आणि खुंट्या ठोकून त्या निघून गेल्या. तीन आठवड्यांनी त्या कात्री घेऊन परत आल्या. पिंजऱ्यातले गवत कापले, शेजारच्या तेवढ्याच जागेतलेही कापले आणि दोन जुड्या बांधल्या. पिंजऱ्यातली जुडी ताईच्या मुठीत मावेना. बाहेरची जुडी दोन बोटांत बसली.

"म्हणजे माझं बी चांगलं होतं?" तुफानने विचारले.

"बी उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "पहाटे येऊन ते खाणारेही उत्तम आहेत. कोवळं गवत सोडून झाडीतला राठ पाला कोण खाईल? त्यांच्यावर रागावू नका. कुंपण घाला."

तर त्या दोन जुड्यांमुळे मी जन्माला आले.

मला उभारायला एक नवरा-बायको आले. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. बायकोला ओळंबाबाई. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. खांब सरळ आहे की कललेला, ते त्यावरून कळते. ही बाई कमरेला कायम ओळंबा लटकवून फिरायची आणि खांब बोटभर जरी कलला असला तरी पुन्हा उपटायला लावायची. दोघांचे दिवसभर भांडण चाले.

"अगं, इथं कोण बघायला येणारेय? हरणं येऊन पट्टी लावणार आहेत का?"

"मी बघणारेय ना. काढा तो खांब."

मिस्त्री पुटपुटत खांब काढायचे. खड्डा पुन्हा खणायचे, खांबाच्या बुडाला डांबर लावून तो पुन्हा पुरायचे आणि भोवतीची माती पहारीने ठेचून घट्ट करायचे. मग तारेचे भेंडोळे उलगडत नेऊन माझे अंग खांबाखांबाला ठोकायचे. वर माझी भोके मोठी आहेत, खाली लहान, म्हणजे खालून ससासुद्धा शिरायला नको. एक-एक तार ताणली की ओळंबाबाई तिच्यावर टिचकी मारायची आणि कान लावून ऐकायची. सूर पसंत पडला तरच पुढे सरकायची. एवढे लाड ज्याचे झाले, ते कुंपण शेफारणार नाही तर काय? मला वाटू लागले, की आपल्यासारखे ताठ या जगात दुसरे कोणी नाही.

लाकूड उशिरा आले, म्हणून काम लांबले. तोवर गवत मात्र कमरेपर्यंत वाढले होते, कारण माणसांच्या वर्दळीला बिचकून हरणे कमी येत होती. शेवटी झाडीकडची चाळीस पावले जागा तेवढी उघडी राहिली. आता आतली हरणे बाहेर काढायची आणि ती जागा बंद करायची. ओळंबाबाईचा हिशोब चोख. तिने सलग तीन पहाटे उठून कुरणातली हरणे मोजली आणि खडूने खांबावर रेघा मारल्या. तिन्ही दिवस अकरा.

चौथ्या दिवशी दुपारी शेजारपाजारची माणसे धरून नऊ जण एका रांगेत उभे राहिले आणि पत्र्याचे डबे बडवत कुरणभर चालत गेले. काय तो गोंगाट! हरणे गवतातून उड्या मारत उघड्या जागेकडे पळाली. ओळंबाबाई तिथे खडू घेऊन बसलीच होती. "आठ... नऊ... दहा..." अकरावी हरिणी काही केल्या जाईना. ती पुन्हा पुन्हा मागे वळायची. दोनदा तर ती रांगेच्या अंगावर चालून आली. तुफानने तिच्या तोंडासमोर डबा वाजवला.

"बघा, बघा! बाईसाहेबांना पान सोडवत नाहीये!"

सगळे हसले. हरिणी बाहेर गेली. "अकरा!" ओळंबाबाई ओरडली आणि मिस्त्रींनी शेवटचे भेंडोळे ओढून, ताणून ठोकले. टाळ्या पडल्या. मीही मनातून वाजवल्या.

मोजणी बरोबर होती, मित्रांनो. उभी राहणारी हरणे अकराच होती. बारावे उभेच राहत नव्हते.

ते चार-पाच दिवसांचे पाडस होते. एवढ्या लहान पाडसाला आई गवतात लपवते, चरायला जाते आणि दूध पाजायला तेवढी परत येते. धोका आला की मोठे हरीण पळते, पण पाडस पळत नाही. ते जमिनीला चिकटते आणि कानसुद्धा हलवत नाही. जीव वाचवायची त्याला तेवढी एकच युक्ती येते. डबे बडवणारी माणसे त्याच्यापासून दोन हातांवरून गेली आणि ते हलले नाही. आईने पढवलेला धडा त्याने अगदी मन लावून पाळला होता. माणसांना दूध काढण्यापासून यंत्र दुरुस्त करण्यापर्यंत सगळे येत होते, पण न पळणारे हरीण कसे मोजायचे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी हरिणी परत आली. झाडीकडच्या माझ्या कोपऱ्याजवळ ती इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत राहिली. मध्येच थांबून अगदी बारीक आवाज काढायची. गोठ्याच्या दारातून तुफानने बोट दाखवले. "आली बघ ताई, अजून जीव अडकलाय गवतात." ताई दूध काढत होती. तिने मान वर केली नाही.

मग आतल्या बाजूने गवत हलले. पाडस लटपटत माझ्यापाशी आले. त्याने माझ्या खालच्या तारेला नाक लावले. पलीकडून हरिणीने लावले. दोघांची नाके टेकली, त्यापलीकडे काही होईना. माझी खालची भोके लहान. पाडसाने डोके घालून पाहिले, पाय घालून पाहिला. हरिणीने पुढच्या पायाने माती उकरून पाहिली, पण मिस्त्रींनी माझी खालची कड वीतभर जमिनीत गाडली होती.

आता मी माझ्या तोंडाने सांगते, कारण दुसऱ्या कोणी हे पाहिलेले नाही. ते सगळे बघत असताना मला वाईट वाटले नाही. मला अभिमान वाटला. माझ्या मनात आले, 'वा! पहिल्याच दिवशी परीक्षा आणि एक पायसुद्धा आत-बाहेर होऊ दिला नाही.' आजही ते आठवले की मला खांबाच्या मुळापर्यंत लाज वाटते.

उजाडल्यावर माणसांचे आवाज येऊ लागले, तसे पाडस वळले आणि चाळीसेक पावले आत जाऊन उंच गवतात पडून राहिले. त्याचे पाय आदल्या दिवशीपेक्षा जास्त लटपटत होते. हरिणी मात्र गेली नाही.

त्या दिवशीच कापणी होती. रेडिओवर सांगितले होते, की तीन दिवस कडक ऊन आहे आणि चौथ्या दिवशी पाऊस येणार. कापायला, वाळवायला आणि गोळा करायला तीन दिवस लागतात, म्हणजे एक दिवससुद्धा इकडचा तिकडे करायची सोय नव्हती. दव वाळल्याबरोबर तुफानने कानांत आवाज अडवणारे बोळे घातले, ट्रॅक्टरला कापणी यंत्र जोडले आणि कडेकडेने फेऱ्या मारायला सुरुवात केली. पहिली फेरी माझ्या अंगालगत झाली. दुसरी थोडी आत. अशी ती गोल गोल आत सरकत जाते. मी मनात फेऱ्या मोजत होते. चौथी झाली. पाडस जिथे पडले होते, तिथे सहावी किंवा सातवी पोहोचणार होती. यंत्र जवळ आले तरी ते हलणार नव्हते, हे मला आता कळून चुकले होते. माझ्या तारा वाऱ्याने वाजतात, त्या मी जमेल तेवढ्या वाजवल्या. कोणाचे लक्ष गेले नाही. कुंपणाचे ऐकायची कोणाला सवय असते?

ओळंबाबाई कोपऱ्यातली एक तार घट्ट करत होती. तेवढ्यात तुफानसाठी चहाचा थर्मास घेऊन ताई आली.

"ही बया अजून इथंच?" ताईने विचारले.

"काल संध्याकाळपासून," ओळंबाबाई म्हणाली. "ट्रॅक्टरलाही भीत नाही. हावरट मेली."

ताई पुढे निघाली होती, ती थांबली. हरिणीच्या पायाशी, माझ्या बाहेरच्या बाजूला, हिरवेगार गवत वाढलेले होते. त्याला तिने तोंडही लावलेले नव्हते. ताई खाली वाकली आणि तारेतून तिच्या पोटाकडे बघू लागली. बावीस वर्षांची असल्यापासून तिने रोज दोन वेळा गाईंच्या पोटाखाली बसून दूध काढलेले. तिला दुसऱ्या कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"हिची कास बघ," ती म्हणाली. "दगड झालीय. एका थेंबाला तोंड लागलेलं नाही. अगं, ही गवतासाठी नाही आलेली! हिचं पिल्लू आत आहे!"

थर्मास तिथेच टाकून ताई धावत सुटली. पन्नाशीच्या बाईला कमरेएवढ्या गवतातून धावणे काही सोपे नसते. ती पडली, उठली आणि सरळ ट्रॅक्टरच्या वाटेत हात पसरून उभी राहिली. यंत्र तिच्यापासून दहा पावलांवर थांबले. सहावी फेरी निम्मी झाली होती.

"ताई! मरायचंय का?" कानांतले बोळे उपसत तुफान ओरडला.

"बंद कर ते."

"तीन दिवस ऊन आहे. तीनच!"

"मला मोजता येतं. आधी बंद कर."

यंत्र बंद झाले. ती अचानक पडलेली शांतता मला अजून आठवते. हरिणीने पुन्हा तो बारीक आवाज काढला आणि या वेळी तो तुफानलाही ऐकू गेला. काल आपण कोणाच्या तोंडासमोर डबा वाजवला होता, ते त्याच्या ध्यानात आले असावे. काढलेले बोळे हातात तसेच धरून तो नुसता बघत राहिला.

मिस्त्रीही आले. ते म्हणाले, पुन्हा रांग करून शोधू.

"काल नऊ जण त्याच्या अंगावरून गेलात," ताई म्हणाली. "हललं का? आज चुकून कोणाचा पाय पडायचा. त्याला फक्त आई उठवू शकते. तिला आत येऊ दे."

"फाटकातून आणायची?" तुफान म्हणाला. "फाटक गोठ्याकडे आहे. तिथं कुत्री, तिथं गाई. ती काय येतेय?"

"म्हणूनच इथं कापा."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "कालच ठोकलंय, ताई. एकोणीस दिवस घातलेत. आमच्या हातानं कापायचं?"

मलाही तेच वाटत होते, खरे सांगते. माझी तार कापणार? एका दिवसात? लोक काय म्हणतील? मिस्त्री पक्कड काढेनात. तेव्हा ओळंबाबाई उठली.

"सरका तिकडं," ती म्हणाली. "सरळ मी बांधलंय, सरळच कापीन."

एक-एक तार तुटताना मला झटका बसत होता. ताण सुटला, की त्याचा हिसका थेट दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायचा. दोन खांबांमधले माझे अंग तिने वरपासून खालपर्यंत मोकळे केले आणि बाजूला वळवून ठेवले. जमिनीत गाडलेल्या कडेच्या लगेच वरची, तळाची तार मात्र घाईत राहिली. घोट्याच्या वर ती तशीच आडवी होती. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

मग सगळे जण गोठ्यापर्यंत मागे गेले आणि वाट बघत बसले. माणसे नजरेआड झाली तरी हरिणी आत शिरेना. कापलेल्या तारांना हातांचा वास होता. ती यायची, हुंगायची आणि दचकून मागे पळायची. एक तास गेला. दोन गेले. ऊन असे कडक पडले होते, की कापलेले गवत बसल्या जागी वाळत होते, आणि उभे गवत तसेच उभे. गोठ्याच्या दारात तुफान उठत होता, बसत होता, आभाळाकडे बघत होता.

"ताई, अर्धा तास. मग मी सुरू करतो. बारा गाईंचा चारा आहे तो. आठवतंय ना मागच्या वर्षी काय झालं?"

"मला आठवतंय," ताई म्हणाली. "तुझ्यापेक्षा मला जास्त आठवतंय. खाली बस."

तिचे हात मांडीवर गच्च धरलेले होते. गाई तिच्या पाठीमागे उभ्या होत्या आणि समोर त्या गवतात पाडस. दोन्हींपैकी काहीही सोडायची तिची तयारी नव्हती आणि दोन्ही हातातून जाईल की काय, अशी तिला धास्ती वाटत होती.

तिसरा तास सरत आला, तेव्हा हरिणीने एक उडी घेतली आणि ती आत आली. कान टवकारून दहा पावले गेली. थांबली. हळूच हाक मारली. काही हलले नाही. उशीर झाला, असेच मला वाटले. तिने दुसऱ्यांदा हाक मारली, आणि मग चाळीस पावलांवर गवताची टोके थरथरली. पाडस उठले, पडले, पुन्हा उठले आणि आईच्या पोटाखाली घुसले. ते असे ढुशा मारत प्यायले, की हरिणीला पाय रोवून उभे राहावे लागले. गोठ्याच्या दारात ओळंबाबाई पदराने नाक पुसत होती. मिस्त्री मात्र उगीचच छपराच्या पत्र्याची तपासणी करत होते.

पिऊन झाल्यावर हरिणी बाहेर निघाली. ती माझ्या तळाच्या तारेवरून सहज गेली. पाडस मात्र तारेपाशी अडले. त्याने पाय उचलला, तो तारेवर पडला. आदल्या दिवशी हेच झाले असते तर मी त्याला मागे फेकले असते, एवढे मी ताणलेले होते. पण आता माझा ताण गेला होता. तार त्याच्या पायाखाली वाकली, जमिनीला टेकली, आणि ते पाडस माझ्यावर पाय देऊन पलीकडे गेले. त्या इवल्याशा खुराचे वजन ते काय असणार! पण मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात एवढा आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नाही. त्या दिवशी मला कळले, की नुसते ताठ असणे म्हणजे चांगले असणे नव्हे.

फुकटात काहीच झाले नाही, हेही सांगायला हवे. तुफानने उरलेल्या दिवसभर जिवाचे रान केले, तरी पाऊस आला तेव्हा कुरणाचा एक तुकडा वाळायचाच राहिला होता. ते गवत काळे पडले आणि फेकावे लागले. त्या थंडीत शेवटचे काही आठवडे ताई चारा कवेत घेऊन, अंदाज घेत, थोडा-थोडा घालायची. गाईंची हाडे दिसू लागली होती. पण माझ्यामुळे गवताची दुसरी कापणी भरपूर मिळाली होती, तिने तारून नेले. वसंतात बाराच्या बारा गाई कुरणावर आल्या. एकही विकावी लागली नाही.

कापलेल्या जागी मिस्त्रींनी एक झडप बसवली. चार आकड्या काढल्या की ती उघडते. ताईने दोन नियम घालून दिले. कापणीच्या आधी दोन दिवस, पहाटे आणि संध्याकाळी, कोणीतरी माझ्या कडेने चालत जायचे आणि बाहेर कोणी थांबले आहे का ते बघायचे. कारण फांदी पडून मी कुठे वाकले की हरिणी आत शिरून पिल्लू ठेवून जाऊ शकते. आणि गवत कडेने आत नाही, तर मधून बाहेर कापत यायचे, म्हणजे आत कोणी असेलच तर त्याला बाहेर सरकायला वाट राहते. मॅडम दुसऱ्या कुरणवाल्यांना मला दाखवायला आणत. ते माझ्या उंचीचे कौतुक करत. मॅडम म्हणायच्या, "उंची कोणीही बांधेल. ती झडप बघा."

नंतरच्या वर्षांत माझे दिवस फिरले. ताईचे गुडघे गेले आणि तिची रोजची फेरी बंद पडली. वेली माझ्या अंगावर चढल्या. कोणी माझ्यावर पोती वाळत घातली, कोणी फाटका रेनकोट टांगून तो कायमचाच विसरला. खांब बुडाशी कुजले. एका वादळात झाड पडले आणि मला खिंडार पडले. हरणे आत आली, निम्मे गवत फस्त झाले, आणि सगळ्यांनी मलाच नावे ठेवली. "हे कुंपण कामातून गेलं," असे ऐकले तेव्हा मला फार लागले. एवढी वर्षे कोणी बघायला आले नव्हते, ते कोणी बोलले नाही. शेवटी तुफानने निरोप पाठवला आणि ओळंबाबाई एकटीच आली. मिस्त्रींच्याने आता पहार उचलवत नव्हती. तिने खिंडार सांधले, कुजलेले खांब बदलून घेतले आणि ओळंबा लावून बघितला.

"वाकलंय थोडं," ती म्हणाली. "मी पण वाकलेय. चालेल."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते आणि थांबते. कापणीचा दिवस होता. ऊन दोनच दिवस मिळणार होते. तुफानचे केस आता पांढरे झालेत, पण घाई तीच. त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि त्याला झाडीकडच्या बाजूला एक हरिणी उभी दिसली. त्याने ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरून तो माझ्यापाशी आला, वाकला, डोळे बारीक करून बघितले. त्याची नजर आता अधू झाली आहे. हरिणीची कास भरलेली आहे की रिकामी, ते त्याला काही कळेना.

"काय बघतोस?" गोठ्याच्या दारातून, खुर्चीत बसल्या बसल्या ताईने ओरडून विचारले.

"कळत नाहीये!"

"मग?"

"मग काय, थांबतो!"

त्याने झडपेच्या चारही आकड्या काढल्या. दूर जाऊन एका खांबाला पाठ टेकून तो खाली बसला. मी जुने असले तरी त्याचे वजन पेलले. ज्या माणसाला चहा गार होईपर्यंत धीर नव्हता, तो तिथे दीड तास बसून राहिला. हरिणीने थोडे बाहेरचे गवत खाल्ले, कान हलवले, अंग खाजवले आणि ती झाडीत निघून गेली. आत कोणीच नव्हते.

तुफान गुडघ्यावर हात ठेवून उठला, झडप लावली आणि ताईला ओरडून म्हणाला, "काही नव्हतं गं! बरं झालं!" मग त्याने कामाला सुरुवात केली.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल आणि कशाभोवती तरी कुंपण घालाल. घालायलाच लागते. गाईंनाही जगायचे असते. मात्र मला उभारून पाठ फिरवू नका. अधूनमधून माझ्या कडेने चालत जा, माझ्यावरच्या वेली काढा, कुजलेला खांब वेळेवर बदला. आणि माझ्याबाहेर कोणी ताटकळत उभे दिसले, तर ते चोरी करायलाच आले आहे असे लगेच ठरवून डबा वाजवू नका. जरा थांबा आणि त्याचे आपल्या आत काय राहिले आहे ते बघा.